झाडांचं इंटरनेट आणि पाचगणीचा सिल्व्हर ओक

झाडं एकमेकांशी बोलतात, हे आता आपल्याला पाठ झालंय. ट्रेकला नेणारा लीडर ते सांगतो, वृक्षतोडीविरुद्धच्या पोस्टरवर ते छापलेलं असतं, पावसाळ्यात रात्री चमकणाऱ्या जंगलाच्या रीलवर तेच कॅप्शन असतं. (चमकते ती बुरशी कुजलेल्या लाकडावर जगते. जिवंत झाडांच्या मुळांशी तिचा काही व्यवहार नसतो. पण रीलला कोण अडवणार?) जमिनीखाली बुरशीच्या तंतूंचं जाळं असतं, त्यातून मोठी झाडं लहान झाडांना अन्न पाठवतात, धोक्याची सूचना देतात, आणि जंगलाच्या मधोमध एक आईझाड असतं जे आपल्या पिल्लांना ओळखतं. गोष्ट इतकी गोड आहे की तिला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही.

ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः तीन पुस्तकांमधून. जर्मन वनाधिकारी पीटर वोह्लेबेन यांचं 'द हिडन लाइफ ऑफ ट्रीज' (मूळ जर्मन २०१५), मर्लिन शेल्ड्रेक यांचं 'एन्टँगल्ड लाइफ' (२०२०) आणि कॅनडाच्या सुझान सिमार्ड यांचं 'फाइंडिंग द मदर ट्री' (२०२१). मधे रिचर्ड पॉवर्सची 'द ओव्हरस्टोरी' ही कादंबरीही येऊन गेली, तिला पुलित्झर मिळालं, आणि तिच्यातली शास्त्रज्ञ पॅट्रिशिया ही बरीचशी सिमार्डवरूनच घेतलेली आहे. तिन्ही पुस्तकं मी वाचली आहेत, एक दोनदा. माझी तक्रार तिघांबद्दल सारखी नाही. पण ती पुस्तकं आपण सातारा-सांगलीच्या डोंगरांवर जशीच्या तशी चिकटवतो, त्याबद्दल मोठी तक्रार आहे.

आधी सिमार्ड, कारण मुळाशी त्या आहेत. १९९७ साली 'नेचर'मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. ब्रिटिश कोलंबियात वनखातं आणि लाकूड कंपन्या फर वाढावा म्हणून बर्चची झाडं तण समजून मारत होत्या. सिमार्ड यांनी बर्च आणि फरची रोपं शेजारी शेजारी लावली, त्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, एकात कार्बन-१३ आणि दुसऱ्यात कार्बन-१४ असलेला वायू सोडला आणि कुणाचा कार्बन कुणाकडे जातो ते मोजलं. दोन्हीकडून जात होता. हिशोब केल्यावर फर नफ्यात होता. प्रकाशसंश्लेषणातून जेवढा मापलेला कार्बन आत घेतला गेला, त्याच्या सरासरी सहा टक्के इतका. फरवर सावली जास्त, तर नफा जास्त. प्रयोग सुंदर आहे, धाडसी आहे, आणि त्यामागचा राग खरा आहे. 'नेचर'ने त्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'वुड-वाइड वेब' असं लिहिलं. साल लक्षात घ्या. १९९७. तेव्हा सगळं जग नुकतंच वेबच्या प्रेमात पडलेलं होतं. दहा वर्षं आधी हा निबंध आला असता तर मुखपृष्ठावर कदाचित टेलिफोन एक्स्चेंज असतं.

उपमा तिथून सुटली आणि तिने सहा टक्क्यांना मागे टाकलं.

माझं रोजचं काम नेटवर्कवर चालणाऱ्या प्रणालींचं आहे, म्हणून २०१० सालचा एक नकाशा मला विशेष खटकतो. केविन बायलर, सिमार्ड आणि इतरांनी तीस मीटर बाय तीस मीटरच्या तुकड्यात डग्लस-फरची ६७ झाडं घेतली, त्यांच्या मुळांवरच्या बुरशीचा डीएनए तपासला, आणि ज्या दोन झाडांवर एकच बुरशी-व्यक्ती सापडली त्यांच्यामध्ये रेघ काढली. एका झाडाच्या नावे ४७ रेघा निघाल्या. तेच पुढे 'हब', आणि 'हब'चं पुढे 'मदर'. ते चित्र तुम्ही पाहिलं असेल, प्रत्येक भाषणात असतं. पण रेघ म्हणजे काय? दोन झाडांवर एकाच बुरशीचे अंश आहेत, एवढंच. मधला तंतू अजून अखंड आहे का, त्यातून काही वाहतं का, कुठल्या दिशेने वाहतं, यातलं काहीही त्या रेघेत नाही. दोन लॅपटॉपवर एकाच वायफायचं नाव सेव्ह केलेलं आहे, म्हणून ते एकमेकांना फाइल पाठवतात असं मी ऑफिसात म्हणालो तर ज्युनिअरसुद्धा हसेल. मूळ निबंधात शास्त्रज्ञ जपून लिहितात. भाषणात ती काळजी गळते.

२०२३ साली जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तिघांनी या सगळ्या दाव्यांची झाडाझडती घेतली. तिघंही याच विषयात आयुष्य घालवलेले. मेलनी जोन्स तर १९९७च्या त्या निबंधाच्या सहलेखिका. जंगलात अशी जाळी सर्वत्र आहेत, या दाव्याला पुरेसा पुरावा नाही. जाळ्यातून आलेल्या अन्नामुळे रोपं तगतात याचे निकाल संमिश्र आहेत, कारण तेच अन्न साध्या मातीतूनही येऊ शकतं. आणि मोठी झाडं आपल्याच पिल्लांना झुकतं माप देतात, याला प्रत्यक्ष जंगलात केलेल्या प्रकाशित अभ्यासाचा आधारच नाही. सिमार्ड यांना हे मान्य नाही. वाद चालू आहे आणि तो चालू राहणं निरोगीच आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वतःचं नाव असलेल्या निबंधाच्या कीर्तीविरुद्ध उभं राहणारी माणसं त्याच गटातून निघाली. 'फाइंडिंग द मदर ट्री' वाचताना पहिल्या अर्ध्या भागात तशीच माणसं दिसतात. चिखलात उभी, आकड्यांवर भांडणारी. दुसऱ्या अर्ध्यात लेखिकेचा कर्करोग, मुली, घटस्फोट हे सगळं येतं आणि झाडं हळूहळू तिच्या आयुष्याची रूपकं होतात. आत्मचरित्र म्हणून ते हलवून टाकणारं आहे. पण 'आई' हा शब्द तिथे पुराव्यातून आलेला नाही, दुःखातून आलाय.

वोह्लेबेनबद्दल थोडक्यात. त्यांना झाडांविषयी प्रेम आहे, भाषा ओघवती आहे, आणि प्रत्येक पानावर झाड माणूस होतं. मैत्री, शाळा, वृद्धापकाळ. दोनशे पानांनंतर मला एक झाड हवं होतं जे फक्त झाड असेल.

आता आपल्याकडे येतो. ही सगळी पुस्तकं ज्या बुरशीबद्दल बोलतात ती आपल्या जंगलात जवळपास नाहीच. मुळांवरच्या बुरशीचे मोठे प्रकार दोन. एक एक्टोमायकोरायझा. ती मुळाच्या टोकावर मोज्यासारखं आवरण चढवते, पेशींच्या मधून शिरते पण पेशीत घुसत नाही, आणि पावसात जमिनीवर अळंबी उगवून स्वतःची जाहिरात करते. पाइन, फर, बर्च, ओक, बीच या थंड देशांतल्या झाडांवर ती असते. १८८५ साली बर्लिनच्या आल्बर्ट फ्रांकने 'मायकोरायझा' हा शब्द बनवला तो तिला पाहूनच. प्रशियाच्या सरकारने त्याला ट्रफल नावाची महागडी खाण्याची बुरशी लागवडीत आणता येईल का ते बघायला सांगितलं होतं. ट्रफलची शेती बाजूला राहिली आणि शब्द मात्र हाती लागला.

दुसरा प्रकार अर्बस्क्युलर. जगातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त वनस्पतींच्या मुळांत हीच असते. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडमधल्या जीवाश्मांत, ज्या वनस्पतींना अजून धड मुळंही फुटली नव्हती त्यांच्या पेशींत, ही सापडते. उष्णकटिबंधातली बहुतेक झाडं हिच्यावर आहेत. जांभूळ आहे, आंबा आहे, आणि शेतातला ऊस, हळद, द्राक्षसुद्धा. हिची अळंबी उगवत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. पाहायची तर मुळं पोटॅशच्या द्रावणात उकळायची, निळ्या रंगात बुडवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मग पेशीच्या आत एक झाड दिसतं. खोड, फांद्या, फांद्यांना बारीक फांद्या. 'अर्बस्क्युल' म्हणजे लॅटिनमध्ये छोटं झाडच. देवाणघेवाण तिथे होते. झाड साखर आणि चरबी देतं (ही बुरशी स्वतःची चरबी बनवू शकत नाही, हे २०१७च्या सुमारास पक्कं झालं), बुरशी मुख्यतः स्फुरद देते. ते पेशीतलं झाड काही दिवसच जगतं, मग विरघळतं आणि शेजारच्या पेशीत नवं उगवतं. मला वाटतं, या एका दृश्यावर कुणी दहा पानं लिहिली असती तर 'मदर ट्री'ची गरज पडली नसती.

स्फुरदच का, हे समजायला महाबळेश्वर बरं. खाली जांभा दगड, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडने भरलेला. हे ऑक्साइड स्फुरदाला पकडून ठेवतात, सोडत नाहीत. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतं, स्फुरद येत नाही. मुळाने भोवतीच्या मिलिमीटरभर मातीतलं स्फुरद उचललं की तिथे रिकामी जागा तयार होते आणि ती पटकन भरत नाही. बुरशीचा तंतू मुळाच्या केसापेक्षाही बारीक, तो ही रिकामी जागा ओलांडून काही सेंटीमीटर पुढे जातो. झाडाला त्याच लांबीचं मूळ वाढवणं कितीतरी महाग पडेल. साखर देऊन माल आणवण्याचं हे अर्थकारण सांगलीकरांना समजावून सांगायला नको.

वर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जे विरघळेल ते कृष्णा-कोयनेतून वाहून जाणार. तरी त्या जांभ्यावर अंजन, जांभूळ, पिसा यांचं बुटकं, दाट, सदाहरित रान उभं आहे. कशाच्या जोरावर? याला एक मोठं उत्तर १९६८ साली फ्रिट्स वेंट आणि नेली स्टार्क यांनी ॲमेझॉन पाहून दिलं होतं. उष्णकटिबंधातल्या गरीब मातीत अन्नद्रव्यं मातीत उतरतच नाहीत. पाचोळ्यातून बुरशी, बुरशीतून थेट मूळ, असं बंद चक्र. दहा वर्षांनी स्टार्क आणि कार्ल जॉर्डन यांनी व्हेनेझुएलात मुळांच्या जाळीदार थरावर किरणोत्सारी स्फुरद आणि कॅल्शियम शिंपडलं. त्या थरातून खाली झिरपलं ते अवघं ०.१ टक्का.

विधान जोरदार होतं, आणि बराच काळ पाठ्यपुस्तकांत राहिलं. पण त्यातली एक कडी कच्ची होती. पाचोळा कुजवायला जी विकरं लागतात ती अर्बस्क्युलर बुरशीकडे फारशी नाहीत. ती पाचोळ्यात शिरते, पण पान फोडायचं काम जिवाणू आणि कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरश्या करतात. ही त्यांच्या दारात उभी राहून सुटलेलं स्फुरद आणि नत्र लगेच उचलते. म्हणजे 'थेट' नाही, पण फार लांबचंही नाही. वेंट-स्टार्कची कल्पना पूर्ण खरी निघाली नाही, तरी तिने कुठे पाहायचं ते दाखवलं. रूपकाचा आणि गृहीतकाचा फरक मला इथे दिसतो. गृहीतक चुकलं की काहीतरी हाताला लागतं. रूपक चुकतच नाही, त्यामुळे त्यातून पुढे काही निघत नाही.

थंड जंगलांत गणित वेगळं. तिथली एक्टो बुरशी स्वतः सेंद्रिय पदार्थांतून नत्र ओढू शकते, त्यामुळे कुजवणाऱ्या बुरशीची उपासमार होते आणि पाचोळा साचत जातो. या परिणामाला जगभर 'गाडगीळ इफेक्ट' म्हणतात. हे पश्चिम घाटाच्या अहवालाचे माधव गाडगीळ नव्हेत. रूथ गाडगीळ आणि पी. डी. गाडगीळ यांनी न्यूझीलंडच्या पाइनच्या लागवडीत हे पाहिलं आणि १९७१ साली 'नेचर'मध्ये छापलं. (वनशास्त्रात आडनाव एकच पुरेसं आहे असं दिसतं.) सह्याद्रीत याच्या उलट चित्र अपेक्षित आहे. पाचोळा झपाट्याने कुजतो, अन्नद्रव्यं मोकळी होतात, लगेच उचलली जातात. आणि आपली अडचण ॲमेझॉनपेक्षाही निराळी आहे. आठ महिने कोरडे. पानगळीचा मोठा भाग उन्हाळ्यात पडतो, वाळून कुरकुरीत होऊन थांबतो, आणि मग वळवाचे दोन-चार पाऊस झाले की कुजण्याला एकदम सुरुवात होते. त्या पंधरवड्यात जो तंतू तयार असेल त्याला माल मिळेल, नाहीतर जुलैच्या लोंढ्यात तो नदीत. झाडाने पान गाळण्याआधीच त्यातलं निम्म्याच्या आसपास स्फुरद परत ओढून घेतलेलं असतं, ते याचमुळे. उरलेल्यासाठी ही धावपळ. हा वक्तशीरपणा, ही जूनची घाई, तिन्ही पुस्तकांत कुठेच नाही. असणारही नाही, कारण ती पुस्तकं मान्सूनच्या प्रदेशात लिहिलेली नाहीत. घाटात दक्षिणेला, कर्नाटक-केरळात, डिप्टेरोकार्प कुळातल्या उंच झाडांवर एक्टो बुरशी सापडते. तिथला कुणी लेखक 'फाइंडिंग द मदर ट्री' वाचून थोडा तरी हक्क सांगू शकेल. साताऱ्याच्या रानाची ओळख त्या झाडांनी होत नाही.

खुद्द साताऱ्यातही एक उपमा सगळ्यांना पुरत नाही. पाचगणीला जाताना धुक्यात उभ्या सिल्व्हर ओकच्या रांगांचे फोटो आपण सगळ्यांनी काढलेत. हे झाड ऑस्ट्रेलियाचं, प्रोटिएसी कुळातलं. या कुळातली बहुतेक झाडं बुरशीच्या भानगडीत पडत नाहीत. ती ब्रशसारख्या दाट मुळांचे झुबके वाढवतात, त्यांतून आम्लं सोडतात आणि दगडाने धरलेलं स्फुरद स्वतःच सोडवून घेतात. म्हणजे 'कनेक्टेड फॉरेस्ट' अशा कॅप्शनखाली जो फोटो सर्वात जास्त फिरतो, त्यातलं झाड कनेक्शन न घेतलेल्यांपैकी आहे. कासला सप्टेंबरमध्ये निळी-जांभळी चादर पसरते ती सीतेची आसवं या नावाच्या युट्रिक्युलारियाची. तिला मुळंच नाहीत. ती पाण्यातले सूक्ष्म जीव फुग्यासारख्या सापळ्यांत पकडते आणि पचवते. तिच्याच शेजारी आमरी उगवते. आमरीचं बी धुळीसारखं, त्यात शिदोरी शून्य. बुरशीने पोसल्याशिवाय ते रुजतच नाही, आणि सुरुवातीला तरी त्या बदल्यात बुरशीला काही मिळत नाही. आणि चंदन! चंदनासारखं झिजावं, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. चंदनाची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्यातून पाणी आणि क्षार ओढतात. परोपकाराचं आपलं सर्वात लाडकं प्रतीक अर्धपरजीवी आहे. मला हे कळलं तेव्हा चंदनाबद्दलचा आदर वाढलाच. फक्त सुविचारांच्या फळ्याबद्दलचा कमी झाला.

शेल्ड्रेक इथे बाकी दोघांपेक्षा कितीतरी पुढे आहे. त्याने पीएच.डी.साठी पनामाच्या उष्णकटिबंधी जंगलात काम केलं, म्हणजे आपल्याला जवळच्या बुरशीवर. व्हॉयरिया नावाचं हिरवेपणा नसलेलं छोटं फुलझाड तो शोधत होता. ते प्रकाशसंश्लेषण करत नाही, बुरशीच्या जाळ्यातून सगळं फुकट घेतं. तो आणि सहकारी यांच्या २०१७च्या निबंधात एक निष्कर्ष आहे. मातीत उपलब्ध स्फुरद किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या वर गेलं की अशी फुकटी झाडं नाहीशी होतात. अंदाज असा की स्फुरद मुबलक झालं की झाडं बुरशीला पोसणं कमी करतात आणि जाळ्यात चोरण्यासारखं काही उरत नाही. 'एन्टँगल्ड लाइफ'मधल्या 'वुड वाइड वेब्ज' या प्रकरणात तो उपमेवरच प्रश्न विचारतो. आपण या जाळ्याकडे झाडांच्या बाजूने का पाहतो, बुरशी म्हणजे काय नुसती वायर आहे? हा प्रश्न पुस्तकातला सर्वात चांगला प्रश्न आहे. मात्र पुढे त्यालाही मोह आवरत नाही. वाक्यं नशा चढल्यासारखी होतात, आणि प्रत्येक सीमा विरघळते. संयम सुटला की तोही वोह्लेबेनच्या गल्लीतून एक चक्कर मारून येतो.

काही शास्त्रज्ञ जाळ्याऐवजी बाजाराची उपमा वापरतात. टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की झाड जास्त स्फुरद देणाऱ्या बुरशीला जास्त साखर देतं, आणि बुरशीही तसंच वागते. प्रयोग पक्के आहेत. पण बाजार हीसुद्धा कुणाच्या तरी डोक्यातली गोष्ट आहे. एका पिढीने जंगलात समाजवाद पाहिला, दुसरी शेअर मार्केट पाहते. मराठी वाचक म्हणून मी दोन्हीकडे सारख्याच संशयाने बघतो.

या संशयाने काय बिघडतं, असं एका मैत्रिणीने विचारलं. ती वृक्षतोडीविरुद्धच्या आंदोलनांत असते. लोक गोष्टीमुळे तरी झाडांजवळ येतात ना, म्हणाली. तिचं म्हणणं वजनदार आहे. पण आंदोलन शेवटी कुठेतरी सुनावणीत, समितीत, कोर्टात जातं. समोरच्या बाजूला वकील असतो, आणि तो २०२३चा निबंध वाचू शकतो. 'झाडं बोलतात' हा दावा त्याने पाच मिनिटांत पाडला की त्याच्या पाठीवर आपण बसवलेलं सगळं जंगल खाली येतं. आणि हा दावा लागतच नाही. जुन्या झाडाखालच्या मातीत पाचोळा, कुजवणारे जीव, तंतू आणि मुळं यांची वर्षानुवर्षं जमलेली घडी असते. ती उचलून दुसऱ्या गटनंबरात खड्डा काढून ठेवता येत नाही. हे मोजता येतं, सिद्ध करता येतं. राज्याने २०१९ साली ३३ कोटी झाडं लावायचा कार्यक्रम केला. मोजले गेले ते खड्डे आणि रोपं. त्या खड्ड्यातली माती जिवंत होती का, याचा रकाना कुठल्याच पोस्टरवर नव्हता, सरकारच्या नाही आणि आपल्याही नाही.

सांगली जिल्ह्यात सागरेश्वर आहे. कडेगाव-पलूस-वाळव्याच्या हद्दीवरचे उघडे डोंगर, तिथे धों. म. मोहिते यांच्या ध्यासाने माणसांनी जंगल उभं केलं, आणि १९८५ साली ते अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. तिकडे पश्चिमेला चांदोलीत उलटी गोष्ट आहे. धरण आणि अभयारण्यामुळे गावं उठली आणि त्यांच्या शेतांत रान परत येतंय. एक माणसांनी लावलेलं जंगल, एक माणसं गेल्यावर आलेलं, आणि दोन्हीच्या मधे कृष्णाकाठचा ऊस. दर हंगामाला सुपर फॉस्फेट आणि डीएपी टाकून तिथे झाडाला बुरशीची गरजच उरू द्यायची नाही, असा आपला कारभार. मग तासगावचा द्राक्षवाला कृषी सेवा केंद्रातून 'मायकोरायझा'चं पाकीट विकत आणतो. हा शब्द त्याला पुण्या-मुंबईच्या बुकक्लबच्या कितीतरी आधी माहीत आहे. जंगलात फुकट मिळणारी गोष्ट शेतात मारून टाकायची आणि मग पाकिटात भरून विकायची. यावर मराठीत एक खणखणीत रिपोर्ताज व्हायला हवा होता. आपण जंगलाच्या आईवर कविता केल्या.

भाषेचा प्रश्नही आहेच. 'बुरशी' म्हटलं की आपल्याला लोणचं, पाव, पावसाळ्यातले बूट आठवतात. नासलेपणाचा शब्द. म्हणूनही कदाचित आपण घाईने 'इंटरनेट' म्हणतो, तेवढं तरी स्वच्छ वाटतं. पण निसर्गाबद्दल निर्मळ नजरेने लिहायची सोय मराठीत नाही असं नाही. व्यंकटेश माडगूळकर याच सांगलीतल्या आटपाडीकडचे. त्यांच्या 'सत्तांतर'ला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्या, हद्दी, सत्ता, आणि नव्या हुप्प्याने मारलेली पिल्लं. तिथे आई आहे, आणि तिचं पोर मारलं जातं, आणि लेखक मध्ये पडत नाही. वानरांना तो माणूस करत नाही, तरी वाचताना घसा कोरडा पडतो. चाळीस वर्षांपूर्वी हे मराठीत झालेलं आहे. वोह्लेबेनच्या बीचवनापेक्षा ते मला आजही जास्त आधुनिक वाटतं.

तसं पुस्तक आपल्या मातीखालच्या व्यवहारावर कुणीतरी लिहीपर्यंत शेल्ड्रेक वाचा, पनामाची प्रकरणं सावकाश आणि शेवटची थोडी भरभर. सिमार्ड वाचा, पण अर्ध्यावर एकदा थांबून कार्स्ट-जोन्स-होक्सेमा चाळा आणि मग पुढे जा. वोह्लेबेन राहिला तरी चालेल. आणि 'सत्तांतर' घरात असेलच. नसेल तर ते आधी.